बावीस यार्डांचे दफ्तर



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आला आहात ते वर्गात भूमिती शिकवीत आणि शाळा सुटली की सदऱ्याच्या बाह्या दुमडून मुलांना चेंडू टाकीत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. म्हणूनच ज्या व्यासपीठावरून आजवर वेदान्त, इतिहास आणि अर्थकारण यांवर विद्वानांनी विवेचन केले त्याच व्यासपीठावरून क्रिकेटविषयी, आणि त्यातही ज्या बावीस यार्ड लांब व दहा फूट रुंद जमिनीच्या तुकड्यावर ते खेळले जाते त्या खेळपट्टीविषयी बोलण्यास उभे राहताना मला संकोच वाटत नाही. माझा जन्म साताऱ्याचा आणि नोकरीचा बहुतेक काळ सांगलीत गेला. या दोन्ही गावांपाशी या विषयासंबंधी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते सांगण्यासाठी आरंभ मला साताऱ्यापासूनच केला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाची ती अखेरची वर्षे. पुण्याच्या हिंदू मंडळींचा संघ साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना खेळावयास गेला. या संघात पालवणकर बाळू नावाचा विशीच्या आतबाहेरचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. त्याची कीर्ती घाट ओलांडून आधीच साताऱ्यास पोहोचली असल्याने, इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे त्याप्रमाणे, तेथील माळ्यांना असा हुकूम सुटला की रूळ फिरवून फिरवून खेळपट्टी इतकी घट्ट करावी, की बाळूच्या चेंडूतले विषच उतरून जावे. कित्येक दिवस रूळ फिरला. सामना झाला, बाळूने सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ सहज जिंकला.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात विजयाच्या आनंदाआधी त्या रुळाचाच विचार आला. एका माणसाला निष्प्रभ करण्यासाठी जमिनीला हुकूम देणे ही गोष्ट मला विलक्षण वाटली. ती करणाऱ्यांना एवढे मात्र ठाऊक नसावे, की ज्याच्याविरुद्ध हा रूळ फिरत होता त्याचे सारे शिक्षण रुळामागेच झाले होते. चर्मकार समाजात जन्मलेला आणि पलटणीत नोकरी करणाऱ्या बापाचा हा मुलगा पुण्यात प्रथम पारशी मंडळींच्या मैदानावर दरमहा तीन रुपयांवर झाडलोटीस आणि रूळ ओढण्यास राहिला. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर खेळपट्टी लोटणे, तिच्यावर रेषा आखणे, जाळी उभारणे ही कामे त्याच्याकडे आली, आणि तेथेच साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो गोलंदाज झाला. रूळ कोठे पूर्ण बसतो, कोठे नुसता वरून घसरत जातो, ओलावा कोणत्या टोकाला रेंगाळतो, हे ज्याने पहाटेच्या वेळी स्वतःच्या खांद्याने अनुभवले आहे, त्याच्यापासून साताऱ्याची खेळपट्टी काय लपवू शकणार होती? हा माझा तर्क आहे. पण जमिनीवर राबलेल्या माणसाला जमीन कळते, या अनुभवावर तो उभा आहे.

याच बाळूला सामन्याच्या मधल्या सुट्टीत चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यातून. खेळपट्टीवर त्याने फेकलेला चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्याच्या हाताची कपबशी मात्र फिरत नसे. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी त्याच्या गळ्यात जाहीरपणे हार घातला, आणि ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर तुम्ही खातपीतही असले पाहिजे, असे संघातील मंडळींना बजावले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून तो विलायतेस गेला आणि त्या दौऱ्यात त्याने ११४ गडी बाद केले. ज्या काळी पंगत, पाणवठा आणि देऊळ यांपैकी कशावरही त्याचा हक्क मान्य नव्हता, त्या काळी बावीस यार्डांची एक पट्टी तेवढी त्याच्या कर्तृत्वाची निःपक्षपाती साक्ष देत होती, आणि साताऱ्यात तीही साक्ष फिरविण्याचा प्रयत्न झाला. माझ्या आजच्या विवेचनाचे मूळ येथे आहे.

आता कसोटी सामन्याकडे वळू. पाच दिवस, दिवसाला नव्वद षटके, प्रत्येकाला दोन डाव. एवढा वेळ कशासाठी, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांचा मी अनादर करीत नाही. कारण तीन तासांत आटोपणाऱ्या सामन्यांनीही या खेळाला नवे कसब आणि नवा प्रेक्षक दिला आहे. परंतु कसोटी सामन्यातील वेळ हा नुसता वाढविलेला वेळ नव्हे. येथे पहिल्या डावात शून्यावर बाद झालेल्या माणसाला दुसऱ्या डावात अपिलाचा अधिकार आहे. सकाळी झालेली चूक संध्याकाळी दुरुस्त करण्याची मुभा आहे. आणि या साऱ्या व्यवहाराची नोंद जमिनीवर राहते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेगवान गोलंदाज पहिल्या दिवशी धावत येऊन जेथे पाऊल आदळतो तेथे खळगा पडतो. दुसऱ्या दिवशी तो रुंदावतो. तिसऱ्या दिवशीच्या उन्हाने त्याच्या कडा भुसभुशीत होतात. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी समोरच्या टोकाकडून एखादा फिरकी गोलंदाज नेमका त्याच खळग्यात चेंडू टाकून सामना फिरवितो. आपल्या जुन्या पेढ्यांत रोज जे घडे ते आधी रोजकीर्दीत लिहिले जाई आणि मागाहून खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर उतरे. चांगली खेळपट्टी हे कसोटी सामन्याचे असे दफ्तर असते. पहिल्या दिवसाच्या रोजकीर्दीतली रक्कम पाचव्या दिवशी खतावणीत कोणाच्या तरी नावे निघतेच. फलंदाज, गोलंदाज, नाणेफेक जिंकलेला कर्णधार, हरलेला कर्णधार, सर्वांना या हिशेबाची आधीपासून जाणीव असते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या दुपारी वरवर काही घडत नसतानाही जाणत्या प्रेक्षकाचे लक्ष ढळत नाही.

हे दफ्तर तयार कसे होते, ते मी लहानपणी जवळून पाहिले आहे. साताऱ्यास आमच्या घराजवळच्या मैदानावर एक म्हातारे माळी होते. सारे गाव त्यांना तात्या म्हणे. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांत काही नाही. खेळपट्टीवर चपला घालून जाणे त्यांना खपत नसे. सामन्याला आठ-दहा दिवस असताना ते पट्टीला पोटभर पाणी पाजीत आणि मग वाट पाहात बसत. मी विचारी, "तात्या, रूळ कधी फिरवायचा?" ते उकिडवे बसून अंगठ्याने माती दाबीत, ठसा न्याहाळीत आणि म्हणत, "आजून घात न्हाई आली, बाळ. आत्ता रूळ फिरवला तर वरनं पापडी धरंल आन् खाली चिखूलच ऱ्हाईल." घात म्हणजे वाफसा: माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, हाताला चिकटत नाही पण दाबली की एकजीव होते, अशी ती अवस्था. पेरणीपूर्वी शेतकरी जिची वाट पाहतो त्याच अवस्थेची वाट तात्या रुळासाठी पाहात. ती आली की आधी हलका रूळ, मग जड रूळ. आधी आडवा, मग उभा. मध्ये दोन-दोन तासांची विश्रांती, पुन्हा रूळ. चौथ्या-पाचव्या दिवशी ते पट्टीवर चेंडू सोडून त्याचा आवाज ऐकत. सुरुवातीचा भदभद आवाज जाऊन टणक आवाज येऊ लागला की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरे.

एका वर्षी जिल्ह्यातल्या एका तीन दिवसांच्या सामन्यास कोणी मोठे पाहुणे यावयाचे होते. अवकाळी पाऊस पडून गेला होता. व्यवस्थापकांपैकी कोणीतरी तात्यांस फर्माविले, की पाहुणे येण्याआधी पट्टी तुळतुळीत दिसली पाहिजे. तात्यांनी एकदा नाही म्हटले, दुसऱ्यांदा नाही म्हटले, तिसऱ्यांदा मुकाट्याने रूळ ओढला. सामन्याच्या पहिल्या सकाळी पट्टी खरोखरच आरशासारखी चमकत होती. अकराच्या सुमारास ती पापडी फुटली. माझा थोरला भाऊ फलंदाजी करीत होता. टप्प्यावरून जो चेंडू मांडीएवढा यावयाचा तो त्याच्या हनुवटीवर आला. त्याचे दोन दात पडले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर तो पुढे पाय टाकून कधी खेळला नाही. संध्याकाळी तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या आईस म्हणाले, "वैनी, रूळ माझ्या हातानं फिरला." ते वाक्य मला अजून ऐकू येते. हुकूम देणाऱ्यांपैकी कोणी आमच्या ओट्यापर्यंत आले नाही.

मातीच्या या शास्त्राविषयी आपल्या भागात तरी मी फार फोड करून सांगण्याची गरज नाही. कृष्णाकाठचा माणूस माती ओळखतो. हरिपूर आणि सांगलीच्या परिसरात जमिनीखाली पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे, कारण तेथील माती पाणी आत उतरू देत नाही, हे येथल्या व्यापाऱ्यांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत होते. तालमीतला आखाडा आपण पाहिला आहे. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती दिवसेंदिवस मळली जाते, आणि अमुक पहिलवान पडावा म्हणून हौद्यात खडा ठेवणारा वस्ताद या मुलखात निपजलेला माझ्या ऐकिवात नाही. खेळपट्टीचेही तसेच. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. तिच्यावर चेंडू सामान्यतः सावकाश आणि खाली राहतो. तांबडी माती लवकर वाळते, तिच्यावर उसळी अधिक, आणि ती सुटू लागली की फिरकीलाही लवकर साथ देते. तळाशी निचऱ्यासाठी खडी, तिच्यावर वाळू, तिच्यावर ही चिकण माती, आणि साऱ्यांना बांधून ठेवणारी हरळी. जी हरळी रानातून उपटता उपटता शेतकऱ्याच्या पिढ्या थकल्या, तीच येथे माळ्याची सर्वांत विश्वासू चाकर असते. तिची मुळे खोल गेली तर पाच दिवस माती सुटत नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला, सामन्याचा पहिला डाव सोडून, प्रत्येक डाव सुरू होण्यापूर्वी आणि पुढच्या प्रत्येक सकाळी जास्तीत जास्त सात मिनिटे रूळ मागता येतो, एवढाच नियमाने त्याला दिलेला हस्तक्षेप आहे. बाकी सारे ऊन, वारा, पाऊल आणि चेंडू यांनी लिहावयाचे.

याच सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका शिक्षकाच्या घरी विजय हजारे जन्मले. त्यांच्याविषयी बोलताना लोक त्यांच्या शतकांची संख्या सांगतात. मला त्यांचे १९४७-४८ चे ऑस्ट्रेलियातील दोन सामने शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत पावसाने खेळपट्टी भिजली. त्या काळी ती झाकण्याची पद्धत नव्हती. ओली पट्टी उन्हाने वरून वाळू लागली म्हणजे तिच्यावर चेंडू काय करील हे कोणालाच सांगता येत नसे. आपला संघ पहिल्या डावात ५८ धावांत आटोपला आणि दुसऱ्या डावात ९८ धावांत. टोशॅक याने पहिल्या डावात अवघ्या दोन धावांत पाच गडी बाद केले. त्या दिवशीच्या धावफलकावरून आपल्या फलंदाजांची योग्यता ठरवू गेलो असतो तर आपण त्यांच्यावर घोर अन्याय केला असता. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला हाच संघ चांगल्या खेळपट्टीवर उतरला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन २०१ धावांवर बाद झाले ते हजारे यांच्याच चेंडूवर त्रिफळा उडून. मग हजारे यांनी पहिल्या डावात ११६ केल्या, कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांनी १२३ केल्या, फॉलोऑन मिळाल्यावर हजारे पुन्हा आले आणि लिंडवॉलच्या तुफानापुढे त्यांनी १४५ केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके करणारे ते पहिले भारतीय. लिंडवॉलने त्या डावात ३८ धावांत सात गडी बाद केले हेही आपण विसरता कामा नये. एकाच जमिनीने त्याच डावात गोलंदाजाला सात बळी दिले आणि फलंदाजाला १४५ धावा दिल्या. दोघांनी आपापल्या योग्यतेने त्या मिळविल्या. सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो, तरी हरलेल्या संघातल्या माणसाचे नाव त्या सामन्यातून पुसले गेले नाही. चांगल्या खेळपट्टीकडून यापेक्षा अधिक मी काही मागत नाही.

येथे एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. चांगली खेळपट्टी म्हणजे धावांची खाण, अशी समजूत आपल्याकडे फार काळ रूढ होती. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद राहिले. ब्रॅडमनच्या त्या काळच्या विक्रमी ४५२ धावांना नऊ धावा कमी असताना प्रतिपक्षाच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला. निंबाळकरांच्या पराक्रमापुढे मी नतमस्तक आहे, आणि एवढे करूनही त्यांना एकही अधिकृत कसोटी खेळावयास मिळाली नाही याची हळहळ मला आजही वाटते. परंतु ज्या पट्टीवर गोलंदाजाच्या श्रमाची कोणतीच नोंद उमटत नाही ते कोरे दफ्तर होय. मार्च १९३९ मध्ये डर्बनला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात निकाल लागेपर्यंत खेळावयाचा म्हणून जो सामना सुरू झाला, त्यात रात्री पाऊस यावा, सकाळी पट्टी पुन्हा लोटली जावी आणि लिहिलेले सारे पुसून ती पुन्हा ताजी व्हावी, असे घडत राहिले. नऊ दिवस खेळ झाला, ६९६ धावांचा पाठलाग करणारे इंग्लंड ५ बाद ६५४ पर्यंत पोहोचले, आणि परतीची बोट चुकू नये म्हणून सामना तसाच सोडून द्यावा लागला. वेळ कितीही दिला तरी जमीन साक्ष देत नसेल तर निर्णय होत नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला सापडलेले नाही.

त्याच्या उलट प्रकार आपल्या दाराशी घडला. पुण्याजवळ गहुंजे येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या त्या मैदानाची पहिली कसोटी झाली. किती वर्षांची प्रतीक्षा होती ती! साताऱ्याहून, सांगलीहून, कोल्हापूरहून माणसे शिदोऱ्या बांधून गेली. चौथ्या दिवसाची तिकिटे काढलेली एक शाळकरी मुलगी माझ्याच आप्तांतली होती. पहिल्याच सकाळी पट्टीवरून धूळ उडाली. आपला संघ १०५ आणि १०७ धावांत गारद झाला, ओकीफ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने सामन्यात ७० धावांत बारा गडी बाद केले, आणि तिसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाने ३३३ धावांनी विजय मिळविला. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीस निकृष्ट असा शेरा दिला. स्टीव्ह स्मिथचे शतक त्या धुळीतही उठून दिसले हे खरे. पण पाचव्या दिवसाचे पान पहिल्याच सकाळी लिहून ठेवले असेल तर मधली चार पाने कोणी आणि कशासाठी वाचावी? पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात त्याच मैदानावर आपण दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ५ बाद ६०१ धावा केल्या, विराट कोहली २५४ धावांवर नाबाद राहिला, आणि सामना चौथ्या दिवशी आपण एक डाव १३७ धावांनी जिंकला. म्हणजे जमिनीत दोष नव्हता. मग २०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंड आले, फिरकीला अनुकूल पट्टी मिळाली, आणि सँटनर याने १५७ धावांत तेरा गडी बाद करून आपली मायदेशातील सलग अठरा मालिका-विजयांची परंपरा खंडित केली. प्रतिपक्षासाठी खणलेल्या खळग्यात घरचेच पाऊल अडकले.

प्रत्येक मैदान सारखे असावे असे माझे म्हणणे नाही, आणि कोणी तसे म्हणेल तर मी विरोध करीन. पर्थला चेंडू छातीवर यावा, लीड्सला तो हवेत वळावा, चेपॉकला तो तिसऱ्या दिवसापासून फिरावा, ही त्या त्या मातीची आणि हवेची प्रकृती आहे, आणि परक्या प्रकृतीशी जुळवून घेणे हीच तर पाहुण्या संघाची कसोटी आहे. यजमानाला आपल्या मातीचा लाभ मिळतो तो त्याचा रास्त हक्क होय. पण मातीचा स्वभाव निराळा आणि मातीला दिलेला हुकूम निराळा. समोर कोण येणार आहे हे पाहून, त्याच्या हाताकडे पाहून, एका टोकाला पाणी आणि दुसऱ्या टोकाला कोरडेपण, अर्धे गवत कापलेले आणि अर्धे राखलेले, अशी व्यवस्था ज्या दिवशी होते त्या दिवशी आपण साताऱ्याच्या त्या जिमखान्याच्या पंगतीला जाऊन बसतो. त्यांना एका बाळूची भीती होती. आपल्याला कोणाची असावी?

म्हणून माझी मागणी माळ्याविषयी आहे. येथून दोन कोसांवर मिरज आहे. तेथले शिकलगार कारागीर, ज्यांच्या पूर्वजांचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा होता, तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात. केसभर कमी-अधिक झाले तर सूर मिटतो किंवा कर्कश होतो. मैफलीत टाळ्या गवयाला मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण कोणताही गवई त्या कारागिराला येऊन असे सांगत नाही, की समोरच्या गायकाचा आवाज बसेल अशी जवारी काढ. माळ्याला मात्र असे सांगितले जाते, आणि ज्याची रोजी हुकूम देणाऱ्याच्या मर्जीवर आहे तो तिसऱ्यांदा नाही म्हणू शकत नाही. त्याची नेमणूक आणि बडतर्फी यजमान संघाच्या हाती असू नये. सामन्याच्या आठ दिवस आधीपासून पट्टीवर कोणी काय केले, किती पाणी, किती रूळ, कोणते गवत, याची लेखी नोंद पंचांकडे जावी. आणि धावफलकावर जेथे पंचांची नावे लागतात तेथे, त्याच आकाराच्या अक्षरांत, खेळपट्टी करणाऱ्याचेही नाव लागावे. सामना बिघडला की त्याच्यावर शेरा येतो. सामना रंगला तर त्याचे नाव कोणाच्या कानी पडत नाही, हा शिरस्ता आता मोडला पाहिजे.

चांगल्या जमिनीवर आपल्या गावची माणसे काय करू शकतात हे आपण पाहिले आहे. १९३२ साली भारताने पहिली कसोटी खेळली, आणि पहिला विजय यावयास १९५२ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. तो विजय मद्रासच्या चेपॉक मैदानावर मिळाला, आणि कर्णधार होते आपले विजय हजारे. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत चार गडी बाद केले. पण त्याच पट्टीवर पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या, हे त्या पट्टीच्या सचोटीचे प्रमाणपत्र आहे. पुढे बहात्तर वर्षांनी, जून २०२४ मध्ये, त्याच चेपॉकवर माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधना हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४९ धावा केल्या आणि शफाली वर्मा हिच्यासह सलामीला २९२ धावांची भागीदारी रचली. आपल्या ६ बाद ६०३ धावांपुढे फॉलोऑन मिळालेल्या पाहुण्या मुलींनी दुसऱ्या डावात दीडशेहून अधिक षटके झुंज दिली, दोघींनी शतके केली, आणि सामना चौथ्या दिवसापर्यंत नेला. स्त्रियांच्या वाट्याला कसोट्या फार थोड्या येतात, आणि त्याही बहुधा चारच दिवसांच्या. त्यांना पाचवा दिवस मिळाला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. त्या चौथ्या दिवशी मी दूरचित्रवाणीसमोर सकाळपासून बसून होतो. चेंडू फिरत होता, पण फलंदाजाला तो दिसत होता. बाद होणारी प्रत्येक जण स्वतःच्या चुकीने किंवा गोलंदाजाच्या कौशल्याने बाद होत होती. हरिपूरच्या माझ्या शेजारणीने, ज्यांनी क्रिकेट कधी पाहिले नव्हते, दुपारी मला विचारले, "काका, अजून संपलं नाही का?" मी म्हणालो, "नाही हो, अजून चाललंय." त्या तशाच बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

आता एक विनंती करून मी आपली रजा घेतो. ही व्याख्यानमाला ज्या शाळेच्या पटांगणात भरते त्याच्या मागील बाजूस मुलांच्या सरावासाठी सिमेंटची एक पट्टी आहे. मी आज संध्याकाळी तिच्यावर उभा राहिलो. तेथे चेंडू पहिल्या दिवशी जसा येतो तसाच शंभराव्या दिवशी येतो, आणि तेथे शिकणाऱ्या मुलांना उद्या पाचव्या दिवसाची माती कशी कळावी, याची मला चिंता वाटते. तिच्या शेजारी तेवढीच जागा मोकळी आहे. चालकांनी मला देऊ केलेले मानधन त्यांनी त्या जागेसाठी ठेवून घ्यावे. तळ्यातला गाळ किंवा नदीकाठचा पोयटा चार गाड्या, तळाला खडी एक गाडी. खणती वैशाखात व्हावी, म्हणजे ढेकळे उन्हाने फुटतील. मृगाच्या आधी माती भरून झाली आणि पहिल्या पावसावर हरळीच्या काड्या टोचल्या तर दसऱ्यापर्यंत ती दाट होईल. रूळ मात्र भाड्याने आणू नये. गावात एखादा जुना दगडी रूळ पडलेला असतोच, तो शोधावा. आणि घात आल्याखेरीज तो कोणाच्याही सांगण्यावरून फिरवू नये.